सीमाभागातल्या संस्थांसाठी सरकारी अनुदान: लेखाशीर्ष शोधण्यापासून यूसी (विनियोग प्रमाणपत्र) देण्यापर्यंत

खानापूर तालुक्यातलं महिला मंडळ असो, निपाणीची दिव्यांग मुलांची शाळा असो की भालकीकडचं गावातलं वाचनालय, अनुदानाचा पहिला अर्ज बहुधा एकाच ठिकाणी अडतो. संस्था आपल्या कामाबद्दल दहा पानं लिहिते, पण पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कुठल्या ओळीतून, मागते आहे याचा त्यात एक शब्द नसतो. समोरचा अधिकारी कितीही भला असला तरी सभागृहाने मंजूर केलेल्या ओळीबाहेर तो एक रुपया देऊ शकत नाही. अनुदान बांधलेलं असतं ते लेखाशीर्षाला, हेतूला आणि आर्थिक वर्षाला. तुमचं काम त्या तिन्हींत बसतं हे कागदावर दाखवणं म्हणजे अर्ज, आणि बसलं होतं हे वर्षाअखेरीस सिद्ध करणं म्हणजे हिशोब.

आधी ओळ शोधा

कर्नाटकचा अर्थसंकल्प राज्याच्या वित्त खात्याच्या संकेतस्थळावर खंडवार मिळतो. भाषणाची प्रत बाजूला ठेवा. भाषणात घोषणा असतात, पैसे खर्चाच्या तपशीलवार अंदाजांच्या खंडात असतात. तिथे प्रत्येक ओळीचे पहिले चार आकडे म्हणजे मुख्य शीर्ष, आणि ते देशभर सारखेच असतात: २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२०५ कला आणि संस्कृती, २२१० वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य, २२२५ अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांचं कल्याण, २२३५ सामाजिक सुरक्षा आणि कल्याण, २२३६ पोषण. वृद्धाश्रम, दिव्यांग, महिला आणि मुलं यांची बहुतेक मदत २२३५ मध्ये सापडते. नाट्य, साहित्य, भजनी मंडळ, लोककला असं काम असेल तर २२०५ उघडा.

ओळ सापडली की तीन रकाने पाहा. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. अंदाज मोठा आणि प्रत्यक्ष खर्च सतत शून्याच्या आसपास असेल तर त्या ओळीवर वर्षभराचा पगार अवलंबून ठेवू नका. सुधारित अंदाज मूळ तरतुदीपेक्षा वाढला असेल तर त्या योजनेला मागणी आहे आणि पैसा प्रत्यक्ष सुटतो आहे, असा साधारण अर्थ होतो.

जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीमार्फत जाणाऱ्या योजनांची जिल्हावार आकडेवारी वेगळ्या पुस्तकात असते, तिला लिंक डॉक्युमेंट म्हणतात. बेळगाव जिल्ह्याच्या नावापुढे रक्कमच नसेल तर झेडपीत खेटे घालण्यात अर्थ नाही. ती योजना राज्य क्षेत्रातली असेल आणि निर्णय बंगळूरला होत असेल.

केंद्राच्या मागणीपुस्तकात आणखी एक खूण बघा. सर्वसाधारण अनुदानाला ३१, भांडवली मालमत्ता उभारण्याच्या अनुदानाला ३५ आणि पगाराच्या अनुदानाला ३६ असा शेवटचा क्रमांक असतो. ३१ मधून आलेल्या पैशात खोली बांधता येत नाही आणि ३५ मधल्या पैशात शिक्षिकेचा पगार बसत नाही. हा भेद सुरुवातीला समजला नाही, तर वर्षाअखेरीस खर्च खरा असूनही नामंजूर होतो.

कन्नड कागद वाचता यायला हवा

राज्याचे आदेश आणि परिपत्रकं कन्नडमध्ये निघतात. मंडळात एक तरी जण ती वाचणारा ठेवा. मोबाईलच्या भाषांतरावर विसंबून अटी ठरवू नका. शब्द थोडेच आहेत आणि निम्मे ओळखीचेच निघतात. आयव्यय म्हणजे अर्थसंकल्प, लेक्कशीर्षिके म्हणजे लेखाशीर्ष, सहायधन किंवा अनुदान म्हणजे आपलंच अनुदान, सुत्तोले म्हणजे परिपत्रक, कंतु म्हणजे हप्ता, मंजूराती म्हणजे मंजुरी, बळके प्रमाणपत्र म्हणजे यूसी, पैसे ठरल्या कामावर वापरल्याचं प्रमाणपत्र. बिडुगडे हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. मंजूराती आदेश निघाला म्हणजे पैसे ठरले. बिडुगडे आदेश निघाला म्हणजे ते सुटले. या दोन आदेशांमध्ये कधी पाच-सहा महिने जातात, आणि मंजुरीच्या कागदावर उसनवारी करून बसलेल्या संस्था तिथेच अडचणीत येतात.

वर्षाचं वेळापत्रक

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला आणि कर्नाटकचा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. २०२५ मध्ये तो ७ मार्चला मांडला गेला. पण खाती आपले अंदाज त्याच्या कितीतरी आधी, पावसाळा संपल्यावर तयार करायला घेतात. नव्या कामासाठी तरतूद मागायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवेदन जिल्हा पातळीवरच्या खात्याकडे पोचलेलं असावं. मार्चमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या फायलीत जातं.

आधीपासून असलेल्या योजनेसाठी उलट. एप्रिल ते जुलै या काळात खात्याच्या अर्ज मागवणाऱ्या सूचना आणि पोर्टलच्या तारखा दर आठवड्याला तपासा. मुदत कधी तीन-चार आठवड्यांचीच असते, आणि जूनमध्ये आपली माणसं पेरणी-रोपलावणीत असतात. म्हणून कागदांचा संच मे महिन्यातच तयार ठेवा. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत (रद्द) होते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक "आठवड्याभरात कागद द्या" असा फोन येतो. तयार संच असलेल्यांनाच त्या फोनचा उपयोग होतो.

दारं कोणती

दिव्यांगांसाठी केंद्राची दीनदयाल दिव्यांग पुनर्वसन योजना आहे. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळते आणि अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो. त्याआधी दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली संस्थेची नोंदणी हवी. तिच्याशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही. ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय योजना आहे, तिच्यात २५ निराधार ज्येष्ठांचं निवास हा नेहमीचा प्रकार. निराधार मुलांचं वसतिगृह असेल तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी आधी, मिशन वात्सल्य (बालसंरक्षणाची केंद्राची योजना) नंतर. संकटातल्या महिलांच्या निवाऱ्यासाठी शक्ती सदन, नोकरदार महिलांच्या वसतिगृहासाठी सखी निवास.

वाचनालयांनी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या स्वयंसेवी ग्रंथालयांसाठीच्या योजना पाहाव्यात. १९७२ पासूनची ही संस्था पुस्तकं, कपाटं, इमारत यांसाठी मदत करते. सांस्कृतिक मंडळांसाठी कर्नाटकच्या कन्नड आणि संस्कृती खात्याची संघ-संस्थांना धनसहाय ही योजना आहे, अर्ज राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर. अनुसूचित जाती-जमातींसाठी काम असेल तर कर्नाटकच्या २०१३ च्या उपयोजना कायद्यामुळे प्रत्येक खात्याला त्यांच्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी लागते. ती ओळ स्वतंत्र असते आणि तिथे अर्ज सहसा कमी पडतात.

खासदार निधीबद्दल बरेच गैरसमज आहेत. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, पण ते टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी. पगार, कार्यक्रम, जत्रा यात बसत नाही. काम डीसींमार्फत (जिल्हाधिकाऱ्यांमार्फत) अंमलबजावणी यंत्रणेकडे जातं. चेक संस्थेच्या हातात येईल असं धरून चालू नका.

कागद: नावाचा गोंधळ सगळ्यात महाग पडतो

लागणारा संच साधारण असा: कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खालचं प्रमाणपत्र (किंवा ट्रस्ट डीड), नियमावली, चालू कार्यकारिणीची निबंधकांनी नोंद घेतलेली यादी, पॅन, आयकराची धर्मादाय नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे सीएने सही केलेले ताळेबंद आणि वार्षिक अहवाल, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरचा क्रमांक, बँकेचा तपशील, जागेचे कागद, आणि अर्ज करायचा व सह्यांचे अधिकार कोणाला याचा ठराव.

यातला प्रत्येक कागद वेगळ्या काळात, वेगळ्या भाषेत तयार झालेला असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. नोंदणी कन्नडमध्ये, पॅन इंग्रजीत, शिक्का मराठीत. एका ठिकाणी मंडळ, दुसरीकडे मंडळी, तिसरीकडे संघ. बेळगाव शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, नंतरच्या बँक खात्यांवर नवं. संस्थेच्या नावातच गावाचं नाव असेल तर ते आपोआप बदललेलं नाही हे ध्यानात घ्या. नोंदणी प्रमाणपत्रावर जे आहे तेच अक्षर-अक्षर सगळीकडे चालवा, आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. उलटा प्रयत्न, म्हणजे बँकेतल्या नावाला जुळावं म्हणून नोंदणी बदलणं, खर्चिक आणि वेळखाऊ आहे.

दर्पणवर संस्थेच्या पॅनबरोबर तीन पदाधिकाऱ्यांचं पॅन आणि आधार लागतं. आधारवरचं नाव कन्नड उच्चाराप्रमाणे लिहिलेलं आणि पॅनवरचं शाळेच्या दाखल्याप्रमाणे, असं आपल्याकडे सर्रास असतं. वडिलांचं नाव मधे आहे की शेवटी, आडनाव आहे की गावाचं नाव, यावरून पडताळणी नाकारली जाते. ज्यांचे दोन्ही कागद जुळतात अशाच तिघांना दर्पणवर घ्या, आणि बाकीच्यांची दुरुस्ती सुरू ठेवा. कार्यकारिणी बदलली की दर्पणही बदला. राजीनामा दिलेल्या सचिवाच्या नावाने आलेला अर्ज छाननीत मागे येतो.

ग्राम वन किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रातून अर्ज भरायला हरकत नाही, पण मोबाईल क्रमांक आणि ईमेल संस्थेचाच द्या. केंद्रचालकाने स्वतःचा क्रमांक टाकला की त्रुटी कळवणारा संदेश त्याच्याकडे जातो आणि मुदत संपल्यावर तुम्हाला कळतं. संस्थेच्या नावाने एक सिम घ्या, ते कपाटात राहू दे, दर आठवड्याला उघडून बघा.

बँकेचा आयएफएससी कोड ताज्या पासबुकावरून उतरवा. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, १ मे २०२५ ला कर्नाटक विकास ग्रामीण बँक विलीन होऊन कर्नाटक ग्रामीण बँक झाली. जुन्या अर्जाची नक्कल करून भरलेला जुना कोड म्हणजे परत गेलेला हप्ता, आणि तो ३१ मार्चच्या तोंडावर परत गेला तर त्या वर्षाचे पैसे हातचे गेले.

निबंधकांकडे वार्षिक यादी आणि ताळेबंद भरण्यात खंड पडला असेल तर अनुदानाचा विचार करण्याआधी तो भरून काढा. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरीत दंडासह मागची वर्षं भरता येतात का, ते फाईल क्रमांक घेऊन विचारा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे काही जुन्या संस्थांच्या प्रमाणपत्रावर मुंबई राज्याच्या कायद्याचं नाव आहे. आपल्या कागदावर कोणता कायदा लिहिला आहे ते आधी वाचा आणि अर्जात तोच लिहा.

आयकराची धर्मादाय नोंदणी आता कायमची नसते. मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात, म्हणून जुन्या अर्जांतले कलम-क्रमांक तसेच चिकटवू नका.

जागा भाड्याची असेल तर ११ महिन्यांचा करार निवासी प्रकल्पाला पुरत नाही. काही वर्षांचा नोंदणीकृत करार करा. गावठाणातली जागा असेल तर ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा) नमुना ९ किंवा ११ पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) काढा; हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर तपासणीला येणारे समाधानी होत नाहीत.

अंदाजपत्रक: ९० टक्के म्हणजे खरे किती

इथे संस्था सगळ्यात जास्त फसतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. समजा, मुलांच्या एका दिवसभर चालणाऱ्या केंद्राचा प्रत्यक्ष खर्च महिना ८५,००० आहे. वर्षाला १०,२०,००० झाले. "९० टक्के सरकार देणार" म्हटल्यावर मंडळ धरतं की आपल्याला १,०२,००० उभे करायचे.

पण ९० टक्के प्रत्यक्ष खर्चाचे नसतात, योजनेच्या दरपत्रकाने मान्य केलेल्या खर्चाचे असतात. मानधनाची मर्यादा ठरलेली, भाड्याची मर्यादा ठरलेली, गाडीच्या डिझेलची ठरलेली. समजा, मान्य खर्च ८,४०,००० निघाला. त्याचे ९० टक्के ७,५६,०००. म्हणजे संस्थेचा वाटा २,६४,०००, एकूण खर्चाच्या जवळपास २६ टक्के. हा आकडा अर्ज करण्याआधी कार्यकारिणीपुढे ठेवा.

दुसरा खड्डा वेळेचा. वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिला हप्ता डिसेंबरात आला, तर मधले आठ महिने ८५,००० प्रमाणे ६,८०,००० संस्थेला स्वतः चालवायचे आहेत. देणगीदारांशी आधी बोलून तेवढी तजवीज नसेल तर केंद्र लहान करून अर्ज करा. अर्धपोटी पगारावर बाई-माणसांना राबवून चालवलेलं केंद्र टिकत नाही, आणि त्यात भोगतात ती मुलं. पंधरा मुलांचं केंद्र वर्षभर नीट चालवणं हे तीस मुलांचं केंद्र सहाव्या महिन्यात बंद करण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

अंदाजपत्रकात प्रत्येक ओळ योजनेच्या दरपत्रकाच्याच नावाने आणि क्रमाने लिहा. त्यांनी "आकस्मिक खर्च" म्हटलं असेल तर तुम्ही "किरकोळ" लिहू नका. त्याच कामासाठी दुसऱ्या कुठल्या खात्याकडून, केंद्राकडून वा राज्याकडून पैसे मिळत असतील तर ते सांगणं बंधनकारक आहे. लपवलं आणि सापडलं तर वसुली लागते. शेजारच्या संस्थेच्या प्रस्तावाची नक्कल करून नाव बदललेले प्रस्ताव छाननीत लगेच ओळखू येतात, कारण लाभार्थ्यांची संख्या आणि खोल्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत.

भाषेचा प्रश्न

अर्ज राज्याचा असेल तर कन्नडमध्ये भरा. तत्त्वाचा मुद्दा अर्जाच्या टेबलावर लढवून लाभार्थ्यांचं वर्ष वाया घालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मराठी नियमावली, ठराव आणि इतिवृत्त यांची कन्नड भाषांतरं मूळ प्रतीसोबत जोडा, दोन्हींवर अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का.

पण हक्क ठाऊक हवेत. राज्यघटनेच्या कलम ३०(२) प्रमाणे शिक्षणसंस्थेला मदत देताना ती धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे या कारणावरून राज्याला भेद करता येत नाही. कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, आणि कारण भाषेचं दिसलं तर कलम ३५०(ख) खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तो कागद जोडून दाद मागा. तोंडी नकारावर कुठेच काही करता येत नाही.

महाराष्ट्र सरकार किंवा तिथल्या एखाद्या शासकीय संस्थेकडून मदत आली तर ती देशांतर्गत आहे. परदेशी देणग्यांचा कायदा तिला लागू नाही. मात्र तिच्या अटी, नमुने आणि हिशोब वेगळे, आणि कर्नाटकाच्या अनुदानाच्या खात्यात ती मिसळू नये. दोन्ही सरकारांना एकच बिल दाखवणं हा गुन्हा आहे, चूक नव्हे.

तपासणी

तपासणीला येणारा माणूस भाषण ऐकायला येत नाही. तो हजेरीपट, साठा वही, स्वयंपाकघर, संडास आणि लाभार्थ्यांची डोकी मोजतो. हजेरी त्या दिवशी सकाळी भरलेली असावी. महिनाभराची एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली हजेरी लगेच कळते. गैरहजर मूल गैरहजर दाखवा. १०० टक्के हजेरीचा कागद संशय वाढवतो आणि खऱ्या कामालाही डाग लावतो. फलकावर योजनेचं नाव आणि खात्याचं नाव असावं, तोही कन्नडसह.

अनुदान मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दार दाखवा. दिलेला टक्का कुठल्याच व्हाउचरवर बसत नाही. तो बसवण्यासाठी खोटं बिल करावं लागतं, आणि त्या खोट्या बिलावर सही तुमच्या सचिवाची असते.

पैसे आल्यावर

प्रत्येक अनुदानासाठी वेगळं बचत खातं आणि वेगळी खतावणी. केंद्राचा पैसा पीएफएमएसवर (केंद्राच्या निधीचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंदलेल्या खात्यातच येतो, राज्याचा खजाने-२ या राज्य खजिन्याच्या ऑनलाइन प्रणालीतून. मंजुरी आदेशाची प्रत खतावणीच्या पहिल्या पानावर चिकटवा: आदेश क्रमांक, तारीख, लेखाशीर्ष, रक्कम, हेतू. वर्षाअखेरीस यूसीत हेच पाच तपशील लागतात आणि ते शोधण्यात माणसं आठवडे घालवतात.

हमीपत्र ई-स्टॅम्पवर करून द्यावं लागतं. सही करण्याआधी वाचा. अटी मोडल्या तर व्याजासह रक्कम परत करायची जबाबदारी त्यात लिहिलेली असते.

खर्च चेक किंवा ऑनलाइन. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च धर्मादाय कामावरचा धरला जात नाही. खरेदीला तीन दरपत्रकं घ्या, तीही खऱ्या तीन दुकानांची. एकाच छापखान्यात छापलेली तीन लेटरहेडं ऑडिटर पहिल्या नजरेत ओळखतो. प्रत्येक बिलावर "अमुक योजनेतून खर्च" असा शिक्का मारा, म्हणजे तेच बिल दुसऱ्या फायलीत जाणार नाही. अनुदानातून घेतलेली शिलाई यंत्रं, संगणक, खाटा मालमत्ता वहीत क्रमांक घालून लिहा. खात्याच्या परवानगीशिवाय त्या विकता किंवा दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, मोडल्या तरीही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता आला तर घाईने खर्च दाखवू नका. खात्याला लगेच पत्र देऊन पुढच्या वर्षी वापरण्याची परवानगी मागा, आणि न वापरलेल्या रकमेचा आयकरात काय परिणाम होतो ते विवरणपत्राच्या मुदतीआधी सीएला विचारा.

यूसी

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २३८ सांगतो की आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत विनियोग प्रमाणपत्र दिलं पाहिजे, नमुना १२-अ मध्ये. बारा महिने ही शेवटची हद्द. पुढचा हप्ता मात्र यूसीशिवाय सुटत नाही, म्हणून व्यवहारात जून-जुलैपर्यंत ते गेलेलं बरं.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. मंजूर ७,५६,००० पैकी पहिला हप्ता ३,७८,००० आला. खात्यावर ४,१५० व्याज जमलं. वर्षाअखेर अनुदानातून खर्च झाले ३,६१,५००. यूसीत लिहायचं: मिळाले ३,७८,०००, वापरले ३,६१,५००, शिल्लक १६,५००, ती पुढे वापरण्याची परवानगी घेतली किंवा परत केली. व्याजाचे ४,१५० वेगळे दाखवायचे. नियम २३०(८) प्रमाणे केंद्राच्या अनुदानावरचं व्याज हिशोब पक्के होताच सरकारजमा करावं लागतं. भारतकोश या केंद्राच्या पैसे भरण्याच्या पोर्टलवर भरून चलन जोडा. राज्याच्या अनुदानासाठी खजाने-२ चं चलन.

चुका कुठे होतात? व्याज खर्चात जिरवलेलं असतं. संस्थेने स्वतःच्या वाट्यातून केलेला खर्चही अनुदानातून दाखवलेला असतो, त्यामुळे वापर मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त दिसतो. पगाराच्या शीर्षातले पैसे भाड्याला गेलेले असतात. यूसीतला आकडा एक, ताळेबंदातला दुसरा. हे शेवटचं सगळ्यात जास्त दिसतं, कारण यूसी सचिव लिहितात आणि ताळेबंद सीए करतात, आणि दोघे एकमेकांचा कागद बघत नाहीत. दोन्ही एकाच बैठकीत, एकच खतावणी समोर ठेवून तयार करा. सीएच्या सहीखाली त्यांचा यूडीआयएन (त्या कागदाची पडताळणी करता येईल असा) क्रमांक आहे ना, तेही पाहा.

वर्षाचं अनुदान आणि कर्ज मिळून २५ लाखांहून कमी नाही आणि ते एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहूनही कमी नाही, अशा संस्थेचे हिशोब कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) १९७१ च्या कायद्याखाली तपासले जाऊ शकतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानुसार सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी स्वयंसेवी संस्था स्वतःच माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. म्हणजे उद्या गावातला कोणीही तुमच्याकडे अर्ज टाकू शकतो, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. फायली तशाच ठेवा.

हप्ता अडकला तर

प्रथम खात्यात जाऊन एवढंच विचारा: बिल खजिन्यात गेलं का, गेलं असेल तर बिल क्रमांक काय. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार. कर्नाटकात शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. "आमचं अनुदान का दिलं नाही" असं विचारू नका. "का" ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. असं मागा: अमुक तारखेच्या अमुक मंजुरी आदेशावरील फाईलची टिप्पणी पानं, त्या लेखाशीर्षाखाली चालू वर्षात सुटलेली रक्कम आणि तारखा, आज रोजी शिल्लक. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

उत्तरातून तरतूदच संपल्याचं कळलं तर पुढची जागा पुरवणी अंदाजांची, म्हणजे वर्षाच्या मधे मागितल्या जाणाऱ्या जादा तरतुदीची. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरतं आणि पुरवणी अंदाज अनेकदा तिथेच मांडले जातात. सीमाभागातल्या संस्थांना बंगळूरची रात्रीची गाडी न धरता मंत्र्यांचा दरवाजा गाठता येतो तो हाच काळ. पण अधिवेशनाच्या दिवशी नेलेल्या निवेदनाचा पुरवणीला उपयोग नसतो, ते अंदाज त्याआधी छापलेले असतात. दिवाळी उरकली की एक पान तयार करा: लेखाशीर्ष, मंजूर रक्कम, सुटलेली रक्कम, थकीत रक्कम, लाभार्थी किती, माहिती अधिकारातल्या उत्तराचा क्रमांक. कन्नडमध्ये एक, मराठीत एक. एक प्रत जिल्ह्यातल्या खात्याच्या अधिकाऱ्याला, एक डीसींना, एक आपल्या आमदाराला, आणि प्रत्येकावर पोच घेऊन तारखेचा शिक्का.